घर पुन्हा उभे करताना



कुठे दरड कोसळली, कुठे गावात पुराचे पाणी शिरले, की मदतीची हाक येते आणि आपण तिला ओ देतो. धान्य, चादरी, भांडी, औषधे गोळा होतात. टेम्पो भरून रवाना होतो. या कामात पुणेकर कधी मागे राहिलेले नाहीत. पण आठ-दहा दिवसांत पाणी ओसरते, बातमी पहिल्या पानावरून आतल्या पानावर जाते आणि मग खरा प्रश्न समोर येतो. या माणसांनी आता राहायचे कुठे? आणि कसल्या घरात?

घर बांधणे हे इंजिनीअरचे काम आणि जागा देणे हे सरकारचे काम, असे म्हणून आपण हा प्रश्न बाजूला ठेवतो. तो तेवढाच असता तर या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण त्यात एक नैतिक पेच दडलेला आहे. एका बाजूला शाळेच्या वर्गात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढणारे कुटुंब आहे. त्याला घर हवे आहे आणि ते लवकर हवे आहे. दुसऱ्या बाजूला डोंगर, नदी, झाडे आणि जमीन आहे. त्यांना बोलता येत नाही. अजून जन्माला न आलेली मुलेही त्याच बाजूला आहेत. त्यांनाही कोणी विचारत नाही. घाईने बांधले तर यांचे नुकसान होते. विचार करत बसलो तर त्या कुटुंबाचे हाल होतात. मग आधी कोणाचे ऐकायचे?

पुष्कळ सज्जन माणसे यावर चटकन उत्तर देतात, "आधी माणूस, मग निसर्ग." ऐकायला हे उत्तर दयाळू वाटते. ते खरोखर दयाळू आहे का, हे आपल्या शहराच्या आणि आपल्या राज्याच्या अनुभवावरून तपासून पाहू या.

पानशेतचा पूर

पुण्यातल्या जुन्या कुटुंबांत आजही काळ मोजताना "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असे शब्द ऐकू येतात. तो पूर म्हणजे १२ जुलै १९६१ चा. मुठेच्या खोऱ्यात आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. सळ्यांच्या टंचाईमुळे तिच्या बांधकामात हवे तेवढे लोखंडही पडलेले नव्हते. धरण खचू लागले. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवण्याची शिकस्त केली. पण १२ तारखेच्या सकाळी ते फुटले. खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या नदीकाठच्या पेठा आणि पलीकडे डेक्कन जिमखाना, पुलाची वाडी हा भाग पाण्याखाली गेला. दिवसाची वेळ होती म्हणून पुष्कळांचे प्राण वाचले. घरे मात्र हजारोंनी गेली. शहराला पाणी पुरवणारे खडकवासलाच रिकामे झाल्यामुळे, पुरात बुडालेल्या पुण्याला नंतर प्यायच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली.

त्या पुरात काय पडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पेठांमधले वाडे दगडी जोत्यावर, लाकडी खांब-तुळयांवर आणि मातीच्या गाऱ्यात रचलेल्या विटांवर उभे होते. उन्हाळ्यात ते गार राहत. मधल्या चौकातून उजेड आणि वारा येई. एका वाड्याचे लाकूड दुसऱ्या वाड्याला कामी येई. आज आपण ज्याला पर्यावरणपूरक घर म्हणतो, त्याचे बरेचसे गुण त्यांत होते. पण पुराच्या पाण्यात माती विरघळली आणि भिंती बसल्या. काही भिंती तर पाणी ओसरल्यावर कोसळल्या. तेव्हा माती आणि लाकूड वापरले की घर चांगले, हा भाबडा समज आधीच बाजूला ठेवू या. जे घर संकटात आपल्या माणसांना वाचवत नाही, ते निसर्गाला कितीही कमी त्रास देणारे असले तरी त्याला चांगले घर म्हणता येणार नाही.

पुरानंतर पुनर्वसनाचे मोठे काम झाले. त्या काळातले कर्तबगार सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांचे नाव या कामासाठी पुण्यात आदराने घेतले जाते. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहतींमध्ये पूरग्रस्तांना आसरा मिळाला. अनेकांनी सहकारी सोसायट्या करून घरे बांधली. बैठी घरे, पुढे अंगण, अंगणात आंबा, नारळ, पारिजातक, असे त्या भागाचे रूप तयार झाले. तातडीची सोय म्हणून अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटही उभारल्या गेल्या. त्या थोड्या काळापुरत्या होत्या, पण कित्येक कुटुंबांच्या पिढ्या त्यांतच वाढल्या. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याखाली बसून पाहावे म्हणजे "तात्पुरती सोय" या शब्दांचा अर्थ कळतो. गरिबाच्या वाट्याला आलेले तात्पुरते घर बहुधा कायमचे होते. म्हणून "आता काहीतरी उभे करू, चांगले नंतर बघू" असे म्हणताना आपण एखाद्याच्या तीस-चाळीस वर्षांविषयी बोलत असतो, याची आठवण ठेवली पाहिजे.

ओढ्याची वाट

पूरग्रस्तांपैकी जे पर्वतीच्या पलीकडे सहकारनगरच्या बाजूला गेले, त्यांच्या वस्तीच्या कडेने आंबिल ओढा वाहतो. कात्रजच्या डोंगरात उगम पावून पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल अशी वाट काढत तो मुठेला मिळतो. पुण्याच्या इतिहासात हा ओढा जुना सोबती आहे. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला गेला. कात्रजला तलाव बांधून त्याचे पाणी दगडी नळातून शहरात खेळवले गेले. १९६१ साली या भागात शेते आणि मोकळी जमीन होती. ओढा फुगला तरी त्याला पसरायला जागा होती. त्या वेळी तिथे वस्ती करणाऱ्यांनी काही चुकीचे केले, असे म्हणता येणार नाही.

पुढे शहर वाढले. ओढ्याच्या काठावर भराव पडले, भिंती आल्या, पात्र अरुंद झाले. वरच्या डोंगरउतारांवर इमारती चढल्या. अंगणांच्या जागी फरशी आणि पार्किंग आले. पूर्वी जे पावसाचे पाणी मातीत जिरत होते, ते आता वाहून थेट ओढ्यात येऊ लागले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस कोसळला आणि काही तासांत ओढा घराघरांत शिरला. त्या पावसात पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. मुठेच्या पुरातून उठवून माणसांना ज्या बाजूला वसवले होते, त्याच बाजूला ५८ वर्षांनी ओढ्याचा पूर आला. आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला तेव्हा सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांना नावेतून बाहेर काढावे लागले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पुनर्वसन ज्या दिवशी घराची किल्ली हाती पडते त्या दिवशी संपत नाही. पाण्याची वाट, डोंगराचा उतार आणि मातीची जिरवणशक्ती यांचा हिशेब कायम चालू असतो. "आधी माणूस, मग निसर्ग" असे म्हणून आपण तो हिशेब पुढे ढकलतो. पुढे तो चुकवावा लागतो तेव्हा सर्वात आधी ओढ्याकाठच्या झोपडीत राहणाऱ्यालाच चुकवावा लागतो. निसर्गाला मागे ठेवल्याने माणूस पुढे जातो असे दिसत नाही. एक माणूस वाचतो आणि दुसरा, बहुधा त्याच्याहून गरीब, बुडतो.

किल्लारीची भीती

आता पुण्याहून मराठवाड्यात जाऊ, कारण महाराष्ट्रात घरे पुन्हा बांधण्याचा सर्वात मोठा प्रयत्न तिथे झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. दमलेली गावे गाढ झोपेत होती. सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. बहुतेकांचा जीव स्वतःच्या घराखाली गेला.

तिथली घरे दगडमातीची होती. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, मातीत रचलेल्या गोट्यांच्या. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर असलेले माळवद. मराठवाड्याच्या उन्हात अशा घरात गारवा असे. दगड रानातला, माती गावातली, गवंडी ओळखीचा. पण भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. जमीन हलली तेव्हा थर सुटे झाले आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

पुनर्वसनात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली. सरळ रेषांचे रस्ते, एकसारखे प्लॉट, सिमेंटची घरे. सुरक्षित निवारा मिळाला, ही मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण पुढे तिथे जाऊन अभ्यास करणाऱ्यांनी दुसरी बाजूही नोंदवली. गावे पूर्वीपेक्षा कितीतरी पट पसरली. म्हाताऱ्या माणसाला शेजाऱ्याकडे जायलाही चालावे लागू लागले. जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बायकांनी दुपारी कोणत्या सावलीत बसायचे, याचा विचार नकाशात पुरेसा नव्हता. उन्हात स्लॅब तापू लागले. लोकांनी हळूहळू घराला लागून पत्र्याच्या खोल्या, पडव्या आणि गोठे वाढवले. घर त्यांच्यासाठी बांधलेले होते, पण त्यांना विचारून बांधलेले नव्हते.

त्याच भूकंपानंतर दुसरे एक काम झाले. ते कमी गाजले, पण त्यात शिकण्यासारखे अधिक आहे. जी गावे हलवायची नव्हती तिथे सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा आणि बळकटीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. पैसे घरमालकाला हप्त्याहप्त्याने मिळत आणि काम त्याने स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यायचे होते. जुन्या भिंतीत आरपार दगड बसवणे, माळवदावरची जास्तीची माती उतरवणे, दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सिमेंट-सळईचा सलग पट्टा देणे, अशा साध्या उपायांनी तेच दगडाचे घर पुष्कळ सुरक्षित होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांत स्थानिक महिला "संवाद सहायक" झाल्या. सरकार आणि गाव यांच्यामध्ये त्या दुवा बनल्या. बांधकाम नीट होते आहे की नाही, हे त्या विचारू लागल्या. दगड तोच, माती तीच, माणसे तीच; भर पडली ती ज्ञानाची. कमी सिमेंट लागले, कमी राडारोडा निघाला आणि घर मालकाच्या समजुतीतले राहिले.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्या आईने आपले मूल माळवदाखालून बाहेर काढले, तिला पुन्हा दगडाच्या भिंतीआड झोप येणार नाही. तिने "मला सिमेंटचेच घर हवे" असे म्हटले तर ते अज्ञान नव्हे. तिला निसर्गप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पर्यावरणाला जपणाऱ्या घराने आधी तिचा विश्वास मिळवला पाहिजे. तो भाषणाने मिळत नाही. तसे घर तिच्या डोळ्यांसमोर बांधून, त्याची ताकद दाखवून, निर्णय तिच्यावर सोडून तो मिळतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये बहुसंख्य घरे मालकांनी स्वतः बांधली, सरकारने पैसे आणि तांत्रिक मदत दिली. कच्छमधले गोल भुंगे त्या भूकंपात चांगले टिकले होते. तिथे लोकांनी ते प्रत्यक्ष पाहिले होते, म्हणून मातीच्या बांधकामावरचा विश्वास पुरता उडाला नाही.

माळीणचा धडा

आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला. दीडशेच्या आसपास माणसे त्याखाली गेली. नेहमीच्या एसटी बसच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. गावातले बहुतेक लोक महादेव कोळी. निसर्गाची नासधूस करून श्रीमंत झालेली ही माणसे नव्हती, हे लक्षात असू द्या. पृथ्वीच्या दुखण्याचा घाव पुष्कळदा ज्यांनी तिला सर्वात कमी दुखवले त्यांच्यावरच बसतो.

जवळच आमडे इथे नवे माळीण उभे राहिले. एप्रिल २०१७ मध्ये ६७ घरे लोकांना मिळाली. भूकंपातही टिकतील अशी पक्की घरे, शाळा, रस्ते, सारे काही होते. पण डोंगराचा उतार कापून, पायऱ्या पाडून, भराव घालून ही जागा तयार केली होती. पहिल्याच पावसाळ्यात काही ठिकाणी भराव खचला, रस्त्यांना आणि पायऱ्यांना भेगा पडल्या. एकदा डोंगर अंगावर आलेला पाहिलेल्या माणसांची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. पुढे दुरुस्त्या झाल्या. पण भिंत कितीही मजबूत असली तरी तिच्या खालची जमीन आणि त्या जमिनीतून वाहणारे पाणी यांचा विचार तिच्याआधी व्हायला हवा, हे तिथे दिसून आले. सह्याद्रीत वर्षाला शंभर-दोनशे इंच पाऊस झेलणाऱ्या जागा आहेत. तिथे उताराला छेद देऊन सपाट मैदान करणे म्हणजे डोंगराशी भांडण उकरून काढणे होय. उतार आहे तसा ठेवून, पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवून, छोट्या छोट्या गटांत घरे बसवणे कष्टाचे असते, वेळ घेते. पण त्या वेळाची किंमत कोणी तरी द्यायलाच हवी.

खर्च कोणी सोसायचा?

इथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. विचारपूर्वक बांधलेल्या घराला वेळ लागतो आणि पुष्कळदा सुरुवातीला पैसाही थोडा जास्त लागतो. तो वेळ आणि तो पैसा कोणाचा? आपत्तीग्रस्तांनी आणखी सहा महिने तंबूत काढून पृथ्वीची सेवा करावी आणि आपण बंद खोलीत एसी लावून त्यांचे कौतुक करावे, हा न्याय नव्हे. जगात दरवर्षी हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. हे खरे आहे. पण ते सिमेंट माळीणच्या ६७ घरांनी संपवलेले नाही. ते आपल्या उड्डाणपुलांनी, मॉलनी आणि आपण गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटनी खाल्लेले आहे.

म्हणून मला वाटते, "आधी माणूस की आधी निसर्ग" हा प्रश्नच चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. खरा प्रश्न असा आहे की दोघांनाही न्याय देण्याचा भार संकटात सापडलेल्याने उचलायचा, की सुरक्षित असलेल्याने? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या "लाउदातो सी" या परिपत्रकात गरिबांचा आक्रोश आणि पृथ्वीचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले आहे. ते दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकायचे असतील तर आपला हात आपल्याच खिशात जायला हवा.

येशूने सांगितलेल्या दाखल्यातला शोमरोनी आठवा. त्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, हे आपण नेहमी सांगतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरून देईन, असे सांगितले. आपली बहुतेक मदत पहिल्या दिवसाची असते. चादर, जेवण आणि पत्र्याचे छप्पर हे पहिल्या दिवसाचे काम, आणि ते झालेच पाहिजे. घर हे दुसऱ्या दिवसाचे काम. त्यात परत येण्याचे वचन आहे आणि "अधिक खर्च" आपण सोसण्याची तयारीही आहे.

चांगले घर कसे ओळखावे?

तज्ज्ञांच्या भाषेत न शिरता काही साधे प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न जागेचा. ही जमीन पाण्याच्या किंवा दरडीच्या वाटेत नाही ना? आपल्या राज्यात नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत आहे. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घर देणे म्हणजे पुढचा पूर भेट देणे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. या घराच्या छपरावर पडलेले पाणी कुठे जाते? आपल्या जमिनीत मुरते, की खालच्या वस्तीत जाते?

तिसरा साहित्याचा. पडलेल्या घराचे दगड, विटा, लाकूड, कौले यांतले काय पुन्हा वापरता येईल? नवी खडी म्हणजे कुठला तरी फोडलेला डोंगर, नवी वीट म्हणजे कुठल्या तरी शेतातली वरची सुपीक माती. आणि जो राडारोडा आपण नदीकाठी टाकून येतो, तो नदीचे पात्र उथळ करून पुढच्या पुराची तयारी करतो. मुठेच्या काठाने फिरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

चौथा हवेचा. वीज गेली तर मे महिन्यात या घरात म्हातारा माणूस बसू शकेल का? समोरासमोर खिडक्या, पुढे पडवी, छपराला सावली, पश्चिमेला झाड, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

पाचवा दुरुस्तीचा. दहा वर्षांनी भिंतीला तडा गेला तर गावातला गवंडी तो बुजवू शकेल का, की पुण्या-मुंबईहून माणूस बोलवावा लागेल? ज्या घराची दुरुस्ती राहणाऱ्याच्या हाती नाही, ते लवकरच पुन्हा मोडकळीला येते.

आणि सहावा, सर्वात महत्त्वाचा. यातले काही ठरवण्यापूर्वी तिथे राहणाऱ्यांना, त्यातही बायकांना, विचारले का?

आपल्यापुरते

हे सारे दूरच्या गावांपुरते नाही. पूरग्रस्तांच्या जुन्या सोसायट्यांमधली बैठी घरे आज पाडली जात आहेत आणि तिथे उंच इमारती येत आहेत. पुनर्विकास हा गुन्हा नाही. घरे जुनी झाली, कुटुंबे वाढली. पण १९६१ च्या आपत्तीनंतर मिळालेली ही जमीन पुन्हा बांधताना आपण पुढच्या आपत्तीची सोय करत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी त्या प्लॉटवर राहणाऱ्या सर्वांची आहे. सोसायटीच्या सभेत चटईक्षेत्र, पार्किंग आणि कॉर्पसची चर्चा तासन्‌तास होते. त्याच सभेत एखाद्याने उठून विचारावे की जुनी झाडे राहणार का, काही जमीन मातीची उघडी ठेवणार का, पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डा कागदावर असेल की जमिनीत, आणि पाडकामाचा राडारोडा कुठे जाणार. असे विचारणारा माणूस सभेत थोडा नकोसा वाटतो. पण ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, त्या सभेला न बोलावलेल्या माणसाच्या वतीने बोलणारा तोच एकटा असतो.

पुढच्या वेळी मदतीची हाक येईल तेव्हा टेम्पो जरूर भरू या. पण वर्गणीचा काही भाग सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवू या. बातम्या थांबल्यावर तिथे माणूस पाठवू या. तो आधी विचारेल, मग ऐकेल, मग एखाद्या जाणकार इंजिनीअरला आणि गावच्या गवंड्याला एकत्र बसवेल. वीस घाईची घरे देण्यापेक्षा दहा विचाराची घरे देणे कठीण असते. फोटोत ती कमी दिसतात. ज्या दहा कुटुंबांना तोपर्यंत थांबावे लागेल, त्यांच्या पावसाळ्याची नीट सोय करणे हेही मग आपलेच काम होते. ते केले नाही, तर आपला विचारीपणा त्यांच्या अंगावर पडतो.

ज्याचे घर वाहून गेले त्याला पुन्हा घर देणे ही दया आहे. ते घर त्याला पुन्हा बुडवणार नाही आणि त्याच्यामुळे खालच्या अंगाचा दुसरा कोणी बुडणार नाही, एवढी काळजी घेणे हा न्याय आहे. या आठवड्यात आपापल्या घरी, आपल्या इमारतीचे पावसाचे पाणी नेमके कुठे जाते, एवढे तरी प्रत्येकाने शोधून काढावे. शेजारी कोण, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात तिथूनही होऊ शकते.